पावसात मायक्रोवेव्ह लिंक किती टिकेल? ठाणे–नवी मुंबईसाठी हिशेब, बांधणी आणि तपासणी

मायक्रोवेव्ह लिंकला, म्हणजे समोरासमोरच्या दोन डिशमधल्या बिनतारी जोडणीला, दिवसभरात किती पाऊस पडला याच्याशी काही देणेघेणे नसते. त्या मिनिटाला तो कोणत्या वेगाने पडतोय, एवढेच तिला कळते. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे गेलेल्या पावसाला मुसळधार म्हणते आणि २०४.५ मिमीच्या पुढे अत्यंत मुसळधार. हे आकडे नाले आणि लोकल गाड्यांसाठी उपयोगाचे आहेत, लिंकसाठी फारसे नाहीत. १०० मिमी पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर वेग ताशी ४ मिमी होतो आणि १८ गिगाहर्ट्झच्या ७ किमी लिंकचे दोन-सव्वादोन डीबी (डेसिबल; दर ३ डीबीला सिग्नलची शक्ती निम्मी) जातात, कोणाच्या लक्षातही येत नाही. तेवढाच पाऊस तासाभरात कोसळला तर दर किलोमीटरला जवळपास ८ डीबी जातात आणि फोन वाजायला लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याचीही तासाची सरासरी ३९ मिमीच निघते. लिंक पाडतात त्या अधल्यामधल्या सरी, आणि त्या सरासरीत दिसत नाहीत.

म्हणून हिशेबाची सुरुवात पावसाच्या वेगापासून करायची. पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: वागळे इस्टेटमधल्या एका गच्चीवरून खाडीपलीकडे ऐरोलीपर्यंत, अंतर ७ किमी, १८ गिगाहर्ट्झ, २८ मेगाहर्ट्झचा चॅनल.

पायरी १: पावसाचा आकडा ठरवा

आपल्याला हवा असतो तो वर्षातल्या ०.०१ टक्के वेळेत ओलांडला जाणारा पर्जन्यवेग, आणि तोही एका मिनिटाच्या मोजणीवर. ०.०१ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जुन्या पर्जन्यविभागांत 'एन' विभागासाठी हा वेग ताशी ९५ मिमी दिला होता. नव्या पी.८३७ शिफारशीत विभाग नाहीत. अक्षांश-रेखांश दिले की त्या ठिकाणच्या महिनेवार पाऊस आणि तापमानावरून आकडा निघतो. आपल्या पट्ट्यासाठी १०० धरून चाला, हिशेबालाही सोपा पडतो.

इथे एक चूक हमखास होते. नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये विभाग आधीच 'के' निवडलेला असतो आणि तसाच राहतो. 'के' म्हणजे ताशी ४२ मिमी. त्यावर १८ गिगाहर्ट्झचे नुकसान किलोमीटरला ३.३ डीबी दिसते, खरे असते ७.८. अहवाल देखणा होतो आणि लिंक जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पडते. दुसऱ्या कोणी केलेला हिशेब हातात आला तर आधी ही एक ओळ शोधा, बाकीचे नंतर वाचा.

तासाच्या नोंदीवरून मिनिटाचा वेग काढू नका. साइटवर पर्जन्यमापक बसवणार असाल तर ०.२ मिमीच्या टिपिंग बकेटचा (दर ०.२ मिमीला कलंडणाऱ्या छोट्या भांड्याचा) घ्या आणि प्रत्येक टिपची वेळ नोंदवा. दोन टिपांत ७.२ सेकंद गेले तर वेग बरोबर ताशी १०० मिमी.

पायरी २: किलोमीटरमागे नुकसान काढा

आयटीयूच्याच पी.८३८ शिफारशीचे सूत्र साधे आहे: दर किमी नुकसान = के × (पर्जन्यवेग)^अल्फा. के (पर्जन्यविभागाचा 'के' नव्हे) आणि अल्फा हे दोन्ही वारंवारता आणि ध्रुवीकरणावर, म्हणजे लहर उभी कंपते की आडवी यावर, ठरतात. १८ गिगाहर्ट्झला उभ्या ध्रुवीकरणासाठी के ०.०७७०८ आणि अल्फा १.००२५, तर आडव्यासाठी ०.०७०७८ आणि १.०८१८. ताशी १०० मिमीला निघणारे आकडे असे:

| वारंवारता | उभे ध्रुवीकरण | आडवे ध्रुवीकरण |
|---|---|---|
| ७ गिगाहर्ट्झ | १.३ डीबी/किमी | १.८ डीबी/किमी |
| १५ गिगाहर्ट्झ | ६.१ | ७.९ |
| १८ गिगाहर्ट्झ | ७.८ | १०.३ |
| २३ गिगाहर्ट्झ | १०.८ | १४.२ |
| ८० गिगाहर्ट्झ | २९.६ | ३१.० |

२१ गिगाहर्ट्झ वापरत असाल तर १८ आणि २३ च्या मधला आकडा धरा.

उभ्या-आडव्यातला फरक येतो थेंबाच्या आकारामुळे. मोठा थेंब पडताना खालून दबून चपटा होतो, त्यामुळे आडव्या लहरीला जास्त पाणी आडवे येते. हा फरक फुकट मिळणारा आहे. तरीही अनेक लिंका केवळ डबा उघडला तेव्हा फीड (डिशच्या मध्यावरून लहर सोडणारा-घेणारा भाग) आडवे बसलेले होते म्हणून आडव्या चालतात. परवानगीच्या कागदांत कोणते ध्रुवीकरण नोंदवले आहे ते पाहा, मोकळीक असेल तर दोन्ही टोकांना फीड आणि ओडीयू (डिशमागचा, बाहेर बसवलेला रेडिओ) ९० अंशांत फिरवा. एकच टोक फिरवले तर सिग्नल २५–३० डीबीने आपटेल. काम कुठे अर्धे राहिले ते लगेच कळते.

पायरी ३: पूर्ण अंतर गुणू नका

७.८ गुणिले ७ म्हणजे ५४.६ डीबी, पण हा आकडा चुकीचा आहे. सर सगळ्या ७ किमीवर एकाच जोराने कोसळत नाही. जोराचा गाभा काही किलोमीटरचाच असतो. आयटीयूची पी.५३० शिफारस त्यासाठी अंतर कमी करून घेते. स्प्रेडशीटमध्ये हे एकदाच बसवा:

भाजक = ०.४७७ × अंतर^०.६३३ × वेग^(०.०७३ × अल्फा) × वारंवारता^०.१२३ − १०.५७९ × (१ − ई^(−०.०२४ × अंतर))

अंतराचा गुणक = १ ÷ भाजक, आणि तो २.५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. अंतर किमीत, वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये, ई म्हणजे २.७१८.

आपल्या लिंकसाठी उभ्या ध्रुवीकरणात गुणक ०.६१ येतो, म्हणजे परिणामी अंतर ४.३ किमी आणि नुकसान ३३.५ डीबी. आडव्यात तेच ४२ डीबी. साडेआठ डीबी केवळ फीड फिरवून! याच अंतरावर १५ गिगाहर्ट्झला २७, २३ ला ४५ आणि ७ ला अवघे ५ डीबी लागतात.

एक किलोमीटरच्या आतबाहेरच्या अंतराला गुणक एकाहून मोठा निघतो. तो बरोबर आहे, दुरुस्त करू नका. ८० गिगाहर्ट्झच्या १ किमी लिंकला त्यामुळे ३८ डीबी मार्जिन, म्हणजे पावसासाठी राखीव सिग्नल, लागते, आणि २ किमीला ५३. घोडबंदर रस्त्यावर ई-बँड (८० गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) एका गृहसंकुलातून शेजारच्या संकुलात जायला उत्तम. खाडी ओलांडायला एकट्या ई-बँडवर विसंबू नका. ओलांडायचीच असेल तर त्याच मार्गावर १५ किंवा १८ ची जोड द्या, म्हणजे सरीत ई-बँड पडला तरी पातळ का होईना रस्ता उरतो.

पायरी ४: हातात किती मार्जिन आहे

मोकळ्या जागेतले नुकसान: ९२.४५ + २० लॉग(१८) + २० लॉग(७) = १३४.५ डीबी. दोन्ही टोकांना ०.६ मीटरची डिश, प्रत्येकीचा लाभ (सिग्नल एका दिशेला एकवटून मिळणारी वाढ) सुमारे ३८.५ डीबीआय. २५६ क्वामला (एका वेळी ८ बिट नेणाऱ्या मॉड्युलेशनला) प्रक्षेपण १८ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) धरू, दमट हवेचा १ डीबी वजा करू:

१८ + ३८.५ + ३८.५ − १३४.५ − १ = −४०.५ डीबीएम

२८ मेगाहर्ट्झमध्ये २५६ क्वामची उंबरठा पातळी, जिच्याखाली सिग्नल वाचता येत नाही, साधारण −६६ डीबीएम असते (तुमच्या रेडिओच्या डेटाशीटमधली घ्या, शेजाऱ्याच्या नको). मार्जिन २५.५ डीबी. हवे होते ३३.५. म्हणजे ५३ मिनिटांऐवजी पी.५३० च्या हिशेबाने वर्षाला सुमारे १०७ मिनिटे लिंक बंद. त्यात ओल्या रेडोमवरच्या (डिशच्या पुढच्या झाकणावरच्या) पाण्याच्या थराचा एक-दोन डीबी अजून धरलेलाच नाही.

ही मिनिटे वर्षभर विखुरलेली नसतात. आपल्याकडे ती जून ते सप्टेंबरमध्ये कोंबलेली असतात, वर परतीच्या पावसातल्या संध्याकाळच्या गडगडाटी सरी. आयटीयूच्या सर्वसाधारण सूत्राने ०.०१ टक्के वार्षिक म्हणजे सर्वांत वाईट महिन्यात सुमारे २२ मिनिटे होतात. ग्राहकाशी करार महिन्याच्या उपलब्धतेवर असेल तर ९९.९९ टक्के वार्षिक लिंक जुलैमध्ये ९९.९५ च्या आसपास उतरते. सही करण्याआधी हा आकडा समोर ठेवा.

पायरी ५: मार्जिन कुठून आणायचे

वर्षाला बंद मिनिटे, त्याच ७ किमीसाठी, उभ्या ध्रुवीकरणात:

एका टोकाला १.२ मीटरची डिश लावली तर ६ डीबी वाढतात आणि १०७ ची सुमारे ६२ मिनिटे होतात. दोन्ही टोकांना लावली तर ३८. मोठ्या डिशला वाऱ्यासमोर चौपट क्षेत्रफळ असते आणि झोत निम्मा, सुमारे एका अंशाचा. सर येते ती वाऱ्यासकट. गच्चीवरचा पोल वाऱ्यात अर्धा अंश हलला तर मिळवलेल्यातले तीनएक डीबी नेमके हवे त्याच क्षणी जातात. डिश वाढवायची तर पोल ११४ मिमी बाहेरील व्यासाचा, शक्यतो तीन बाजूंनी तिरप्या टेकूंचा, आणि डिशचा स्वतःचा बाजूचा आधार-रॉड बसवलेला हवा. तो रॉड खोक्यात येतो आणि अनेकदा खोक्यातच राहतो.

मध्ये साइट घेऊन ३.५ किमीच्या दोन उड्या केल्या तर प्रत्येकीला २२ डीबी लागतात आणि हातात ३१.५ असतात. प्रत्येकीची सुमारे १७ मिनिटे, दोन्ही मिळून ३४ पर्यंत. म्हणजे दोन मोठ्या डिशांइतकाच फायदा, पण गळ्यात एक जास्तीची गच्ची, भाडे, बॅटरी आणि सोसायटीची सभा. दृष्टिरेषा मिळत नसेल तरच हा मार्ग.

सगळ्यांत स्वस्त उपाय अनुकूली मॉड्युलेशन. सरीत रेडिओ २५६ क्वामवरून पायरीपायरीने क्यूपीएसकेवर (कमी वेगाच्या पण कमजोर सिग्नलवरही टिकणाऱ्या मॉड्युलेशनवर) उतरतो. क्यूपीएसकेचा उंबरठा −८७ च्या आसपास, आणि तिथे प्रक्षेपण २२ डीबीएमपर्यंत नेता येते. मार्जिन जवळपास ५० डीबी, लहान डिशवरच, आणि पूर्ण बंद राहण्याची वेळ वर्षाला १५ मिनिटे. किंमत अशी की १८० च्या आसपास मेगाबिटची लिंक त्या वेळात ४० मेगाबिटची होते.

म्हणून खरे काम रेडिओत नसून रांगेत, म्हणजे कोणती पाकिटे आधी सोडायची यात, आहे. ४० मेगाबिटमध्ये काय जायलाच हवे ते आधी ठरवा: घड्याळ जुळवणीची पाकिटे, व्हॉइस, व्यवस्थापन, रूटिंगचे हॅलो (लिंक जिवंत आहे हे राउटर एकमेकांना कळवतात ते संदेश). त्यांना सर्वोच्च प्राधान्याची रांग द्या. ही रांग लावली नसेल तर मॉड्युलेशन उतरते, व्हिडिओच्या गर्दीत रूटिंगचे हॅलो हरवतात आणि रेडिओ जिवंत असूनही राउटर लिंक मेली असे जाहीर करतो. मग सगळा दोष पावसाच्या माथी. रेडिओ क्षमता घटल्याची सूचना राउटरला देऊ शकत असेल तर ती सुरू करा. पर्यायी मार्गावर जाणे-येणे वारंवार होऊ नये म्हणून परतण्याआधी दोन-तीन मिनिटांचा थांबा ठेवा.

काय उपयोगाचे नाही तेही सांगायला हवे. एकाच टॉवरवर वर-खाली दोन डिश लावणे किंवा त्याच पट्ट्यात दुसरी वारंवारता देणे हे बहुमार्गी क्षीणनावरचे (सिग्नल अनेक मार्गांनी येऊन एकमेकांना कापतो त्यावरचे) इलाज आहेत. पावसात दोन्ही एकाच पाण्यातून जातात आणि एकदम पडतात. पावसावर उपयोगी पडते ती वेगळी दिशा. वागळेहून ऐरोलीला एक लिंक आणि दुसरा मार्ग मुलुंडकडून फिरून आलेला असेल, दोन्हींमध्ये मोठा कोन असेल, तर सरीचा गाभा एका वेळी बहुतेक एकालाच गाठतो. फायबर असेल तर प्रश्नच मिटला, अर्थात रस्ता खोदणाऱ्यांची कृपा असेपर्यंत.

दुहेरी ध्रुवीकरणावर दोन वाहक (एक उभा, एक आडवा सिग्नल) चालवत असाल तर आणखी एक भान ठेवा. पावसात उभ्याची थोडी ऊर्जा आडव्यात सांडते. एक्सपिक (ही गळती वजा करणारी रेडिओतली सोय) ती बरीच साफ करते, पण जोराच्या सरीत आधी आडवा वाहक जातो. महत्त्वाची वाहतूक उभ्यावर ठेवा.

पायरी ६: मे महिन्यात, कोरड्यात

पहिला पाऊस पडल्यावर केलेले जोडकाम बहुतेक पुन्हा करावे लागते. मेच्या मध्यापर्यंत हे उरका.

आधी प्रक्षेपणशक्तीचे स्वयंनियंत्रण, म्हणजे एटीपीसी, बंद करून कोरड्या दुपारची प्राप्त पातळी नोंदवा. ती हिशेबातल्या −४०.५ च्या दोन-तीन डीबीत हवी. २० डीबी किंवा जास्त कमी असेल तर डिश बाजूच्या पाकळीवर (मुख्य झोताशेजारच्या कमजोर झोतावर) जुळवलेली आहे. झोत आडवा मोठ्या कोनात फिरवून मुख्य शिखर शोधा, मग उभे. जुळवून झाल्यावर बोल्ट आवळताना पातळी बघत राहा. शेवटच्या आवळणीत झोत सरकतो. दृष्टिरेषाही तपासा: मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (दृष्टिरेषेभोवती सिग्नलला मोकळ्या हव्या असलेल्या जागेची) त्रिज्या ५.४ मीटर आहे, तिच्या ६० टक्के, म्हणजे सव्वातीन मीटर मोकळे हवे, शिवाय पृथ्वीच्या फुगवट्याचा पाऊण मीटर. गेल्या वर्षी नसलेला मनोरा आणि त्यावरची क्रेन या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सहज उगवतात.

मग कनेक्टर. क्रम असा: एक थर साधी पीव्हीसी टेप, त्यावर ताणून गुंडाळलेली स्वतःत मिसळणारी रबर टेप, त्यावर उन्हाला टिकणारी काळी पीव्हीसी. बाहेरच्या दोन्ही टेपा खालून वर गुंडाळा, निम्मी निम्मी चढवत, म्हणजे प्रत्येक वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जाते. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक पदर पाणी आत घेतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन कनेक्टरवर लावू नका, ते तांब्याला खाते. केबल ओडीयूत शिरण्याआधी खाली झोळ द्या. केबलचे तोंड खालच्या दिशेने. वेव्हगाइडच्या (सिग्नल नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीच्या) जोडावरची ओ-रिंग बदला, चपटी झालेली रिंग परत वापरू नका. खाडीकाठच्या साइटवर खारट हवेमुळे क्लॅम्प आणि अर्थिंगचे नटबोल्ट लवकर खातात. ३१६ स्टील किंवा गरम जस्तलेपाचे वापरा.

रेडोम पुसा. बांधकामाची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा बसलेल्या पृष्ठभागावर पाणी थेंब होऊन घसरत नाही, थर होऊन चिकटते. साधे पाणी आणि मऊ कापड पुरते.

आणि वीज. पावसात पडलेल्या लिंकांपैकी बऱ्याच महावितरणच्या पुरवठ्याबरोबर गेलेल्या असतात. बॅटरी भारावर चालवून किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा. लेबलावरच्या आकड्यावर विसंबू नका.

पायरी ७: दोष खरोखर पावसाचा आहे का

प्राप्त पातळी १० ते ३० सेकंदांनी नोंदवा, दोन्ही टोकांची. १५ मिनिटांची सरासरी निरुपयोगी आहे; तेवढेच मिळत असेल तर किमान आणि कमाल घ्या. नोंदीचा आलेख उघडला की बहुतेक गोष्टी तिथेच कळतात.

दोन्ही टोके एकाच वेळी, एकसारखी खाली गेली आणि सर सरल्यावर काही मिनिटांत पूर्ववत झाली, तर तो पाऊस. कुलाबा आणि वेरावली इथल्या रडारच्या चित्रांशी वेळ जुळवून खात्री करा. त्याच दिशेच्या शेजारच्या लिंकाही वाकल्या असतील.

पाऊस थांबून तास उलटले तरी ५–१० डीबी कमीच, ऊन पडले की हळूहळू सुधारते, पुढच्या सरीला पुन्हा बसते: कुठेतरी पाणी शिरले आहे. वेव्हगाइड किंवा फीडमध्ये असेल तर दोन्ही टोकांना दिसते, त्यामुळे 'दोन्हीकडे दिसते म्हणजे पाऊसच' असे धरू नका, सुधारायला लागलेला वेळ बघा. ओडीयू-आयडीयूमधल्या (बाहेरच्या रेडिओपासून खोलीतल्या पेटीपर्यंतच्या) केबलमध्ये पाणी असेल तर रेडिओची पातळी ठीक दिसते आणि केबलचे अलार्म येतात.

पाऊस फारसा नाही पण आलेख करवतीसारखा दातेरी आणि वारा मोठा, तर पोल किंवा क्लॅम्प सैल आहे.

पातळी ठीक पण चुकांचे प्रमाण वाढलेले: हस्तक्षेप. पावसात हा उलटा दिसतो. तुमची लिंक सरीत वाकते, दुसऱ्या दिशेची कोरडी राहते आणि तिचा सिग्नल तुमच्या डोक्यावर बसतो. एकाच टॉवरवरून अनेक लिंका निघत असतील तर सगळ्यांवर एटीपीसी चालू ठेवणे बरे, म्हणजे कोरड्या लिंका उगाच जोरात ओरडत नाहीत.

स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री पातळी खाली-वर होत असेल तर पावसाचा संबंधच नाही. खाडीवरच्या हवेचे थर किंवा पाण्यावरचे परावर्तन, आणि इथे मात्र वर-खाली लावलेली दुसरी डिश कामाची.

पातळी अगदी शेवटच्या नोंदीपर्यंत ठणठणीत आणि मग एकदम काहीच नाही, तर वीज गेली.

५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लिंकेबद्दल एक वेगळी ओळ: ताशी १०० मिमीलाही तिचे किलोमीटरमागे जेमतेम एक डीबी जाते. ती सरीत पडते तेव्हा ओले झाड, पाणी शिरलेला आरजे-४५ (नेटवर्क केबलचा प्लग) किंवा पीओईचा (त्याच केबलमधून वीज देणारा) अडॅप्टर शोधा.

उपलब्धता मोजताना सलग १० अतिदोषपूर्ण सेकंद झाल्याखेरीज लिंक 'अनुपलब्ध' धरली जात नाही. त्यापेक्षा लहान खंड वेगळ्या रकान्यात जातात. ग्राहकाचा अहवाल आणि रेडिओचा काउंटर यांचे सहसा इथेच जुळत नाही.

ऑक्टोबर संपला की हंगामाची बंद मिनिटे हिशेबातल्या आकड्याशेजारी मांडा, वीज आणि पाणी शिरण्याची मिनिटे वेगळी काढून. दीडपट-दुप्पट निघाली तर लगेच डिश बदलू नका, पी.८३७ चा आकडा अनेक वर्षांचा असतो आणि एकटे वर्ष त्याच्या दोन्ही बाजूंना बरेच सरकते. चौपट निघाली, किंवा एकच टोक सतत वाईट निघाले, तर आधी फीडचे ध्रुवीकरण बघा, मग डिशची जुळवणी, मग कनेक्टर, आणि हे सगळे ठीक असेल तरच खरेदीचा कागद काढा.